तात्यांचा अंगठा आणि चिकट मुठी

सोपानतात्यांच्या हातात काहीही दिलं, तरी ते आधी त्याच्यावर अंगठा फिरवायचे. पेन असो, पाना असो, चहाचा कप असो. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. मग तो अंगठा नाकाशी नेऊन हुंगायचे आणि निकाल द्यायचे. निकाल दोनच असत, "बेस हाय" नाहीतर "चिकाट हाय". तिसरा निकाल मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. असेंब्लीतल्या आमच्या बालाजी फिटरने लग्नाची पत्रिका दिली, तेव्हा तिच्यावरही त्यांनी अंगठा फिरवला, "बेस हाय" म्हणाले आणि पत्रिका खिशात टाकली. आत काय छापलंय ते वाचायचं राहून गेलं. तात्या आहेर घेऊन पोचले ते लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, मांडव सोडत असताना.

आमची कंपनी चाकणच्या पुढे आहे. गाड्यांच्या दारांची कुलपं बनवते. मी तिथे क्वालिटीत, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायच्या खात्यात, आणि तात्या टूल स्टोअरच्या खिडकीत. कामगाराने सकाळी आपल्या नंबरचा पितळी बिल्ला खिडकीत द्यायचा आणि हत्यार घ्यायचं. शिफ्ट सुटताना हत्यार द्यायचं आणि बिल्ला परत घ्यायचा. हत्यार जाताना एकदा आणि येताना एकदा त्याच्या मुठीवर तात्यांचा अंगठा फिरायचा. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. पण मूठ चिकट किंवा तेलकट निघाली, तर ते हत्यार त्या दिवशी बाहेर जात नसे. मग लाइन थांबो, सुपरवायझर नाचो.

"हत्यार हातातनं निसटलं, तर दोस हत्याराचा न्हाई," तात्या सांगत. "घेनाऱ्याचा बी न्हाई. ज्यानं दिलं त्याचा."

माझी आणि त्यांची पहिली गाठ पडली ती मी नोकरीला लागले त्या दिवशी. ताथवड्याच्या कॉलेजातून नुकतीच बाहेर पडले होते. अंगात कोरा करकरीत एप्रन, आणि आपल्याला सगळं येतं असा चेहरा. मापं घ्यायचं व्हर्नियर न्यायला खिडकीशी गेले आणि रजिस्टरवर सही करायला माझा पेन काढला. कॉलेजच्या कुठल्याशा स्पर्धेत बक्षीस मिळालेला, धरायच्या जागी काळं मऊ रबर असलेला. माझा फार लाडका. फक्त वर्षभरापासून त्याला धूळ, केस, बिस्किटाचा चुरा असं जे दिसेल ते चिकटायचं, आणि मी काणाडोळा करायचे. रजिस्टर सरकवताना पेन तात्यांच्या हाताला लागला. मेलेली पाल शेपटीला धरून उचलावी, तसा त्यांनी तो दोन बोटांत उचलला.

"मॅडम, ह्यो पेन हाय का काकवीत बुडवल्याली काडी?"

"जुना झालाय थोडा," मी म्हटलं.

"जुना तर मी बी हाय. मला कुटं काय चिकाटतंय?"

आणि पेन घेऊन ते आत गेले. माझ्यामागे रांग लागली. दहा मिनिटांनी बाहेर आले, तेव्हा पेनचं काळं रबर गायब झालं होतं आणि खालचं राखाडी, टणक प्लॅस्टिक उघडं पडलं होतं. माझा बक्षिसाचा पेन टक्कल करून माझ्यासमोर उभा होता.

"आता धर," तात्या म्हणाले. मॅडमवरून ते 'धर'वर कधी आले हे मला कळलंसुद्धा नाही. मी चिडूनच पेन धरला. आणि खरं सांगते, वर्षभरात पहिल्यांदा तो हातात घ्यावासा वाटला.

त्यांचं शास्त्र मला हळूहळू कळत गेलं. ते कुठल्या पुस्तकात नव्हतं आणि तात्या सातवीच्या पुढे शिकलेले नव्हते. "मळ दोन जातीचा," ते सांगत. "येक पावना मळ, येक घरचा मळ. पावना म्हंजी घाम, तेल, गिरीस. बाहेरनं येतो, साबनाच्या पान्यानं जातो. घरचा मळ आतनं येतो. ह्ये वरनं मऊमऊ रबरावानी लावत्यात न्हवं, त्ये हवेतल्या वलीनं आपलं आपन इरघळतं. त्येला किती बी साबन लाव, दुसऱ्या दिशी परत चिकाट. त्येचं कातडंच सोलाया लागतं."

सोलायची रीतही ठरलेली. पेंट शॉपमधून मागून आणलेलं स्पिरिट, बनियनच्या कापडाची चिंधी, आणि गोल गोल फिरणारा हात. खाचाखोचांत खायच्या सोड्याचा लगदा आणि जुना टूथब्रश. खिडक्या उघड्या, आणि आसपास बिडीवाला असेल तर त्याला आधी हाकलायचं. थिनरचं मात्र नाव काढायचं नाही. बालाजीने एकदा घाई करून आपला करंट मोजायचा मीटर थिनरने पुसला, तर मीटरच्या काचेला मोतीबिंदू झाला. आकडे धुक्यात गेले. तात्यांनी तो मीटर आठवडाभर खिडकीत टांगून ठेवला होता, सगळ्यांना दिसेल असा.

हळूहळू लोक घरच्या वस्तू आणायला लागले. छत्र्या, दाढीची यंत्रं, इस्त्र्या, स्कूटरच्या मुठी, पोरांच्या बॅटी. पण तात्यांची कीर्ती खऱ्या अर्थाने पसरली ती मोठ्या साहेबांच्या गाडीमुळे. साहेबांच्या गाडीत काचा वरखाली करायची जी बटणं होती, त्यांच्यावर हेच मऊ रबर होतं आणि ते पुरतं पाघळलं होतं. ड्रायव्हरने शक्कल लढवून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरली. साहेब मीटिंगला येत ते पांढरी बोटं घेऊन. आम्हाला वाटायचं, केबिनचं दार लावून साहेब कॅरम खेळतात.

शेवटी साहेबांनी तात्यांना बोलावलं. तात्यांनी बटणावर अंगठा फिरवला, हुंगला आणि म्हणाले, "पावडरीनं चिकाटपना जात न्हाई साहेब, निस्ता झाकतो. दोन दिसांनी पावडरच चिकाट व्हती." मग अर्धा दिवस गाडीत बसून त्यांनी एकेक बटण सोललं. बटणं अशी स्वच्छ झाली की बघत राहावं. फक्त रबराबरोबर त्यावरची पांढरी चित्रंही निघून गेली. पुढे महिनाभर ड्रायव्हर आपली काच उतरवायला जायचा आणि मागे बसलेल्या साहेबांची काच उतरायची. चाकणच्या रस्त्यावरची सगळी धूळ साहेबांच्या सदऱ्यावर. साहेबांनी तक्रार केली, तर तात्या शांतपणे म्हणाले, "चार तर बटनं हायेत साहेब. पाठ करा की."

तात्या मूळचे त्याच भागातल्या गावचे. जमीन थोडी होती, कांदा करायचे. आजूबाजूला कंपन्या आल्या तसे कंपनीत आले. गावच्या जत्रेला ते आम्हाला जेवायला बोलवायचे. त्यांच्या घरात एकही मूठ मूळ रंगाची उरलेली नव्हती. मिक्सरचं बटण टक्कल, छत्रीचा दांडा टक्कल, इस्त्री टक्कल. घमेल्याशेजारी खुरपी आणि कुऱ्हाड मात्र बाभळीच्या दांड्याची, तेल पिऊन काळीभोर झालेली. "लाकडाच्या मुठीत घाम मुरतो," तात्या ती हातात घेऊन सांगायचे, "रबराच्या मुठीवर घाम साचतो." आणि काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, भाकरी थापता थापता म्हणायच्या, "ह्यांचं काय सांगताय ताई. लग्नात भटजीनं माजा हात ह्यांच्या हातात दिला, तर आंगठा फिरवून बगितला ह्यांनी! मी मनात म्हनलं, आता परत करत्यात का काय."

"बेस व्हता," तात्या खाली मान घालून म्हणायचे आणि ताटातला रस्सा ओरपायचे.

क्वालिटीत आमच्याकडे सगळ्या गेजांची, म्हणजे मापं घ्यायच्या साधनांची, दरवर्षी तपासणी होते. बरोबर निघालं की त्याला हिरवं स्टिकर, त्यावर पुढची तारीख. चुकलं की लाल स्टिकर, म्हणजे ते वापरातून बाद. मी स्टिकरं लावत बसले की तात्या खिडकीतून चिडवायचे. "तुज्या येवड्या म्हागामोलाच्या गेजांस्नी दरसाल दाक्तर लागतो. ह्यो आंगठा बग. तीस वर्सं झाली, येकदा बी तपासाया न्हेला न्हाई."

"आणा इकडे, हिरवं लावते," मी म्हणायचे. ते खरोखरच अंगठा पुढे करायचे आणि आम्ही दोघं हसायचो.

तात्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, तेव्हाची गोष्ट. आमच्या लॅबमधला एक टॉर्च इतका चिकट झाला होता की टेबलावर ठेवला की उचलताना टर्रकन आवाज यायचा. मी तो तात्यांकडे नेला. त्यांनी अंगठा फिरवला. हुंगला. परत फिरवला.

"बेस हाय. न्हे."

मी हसले. ते हसले नाहीत. माझं हसू तोंडातच राहिलं.

मग मी बघायला लागले. आता तात्या अंगठा फिरवायचे कमी आणि हुंगायचे जास्त. कधी कुणी बघत नाही असं पाहून डावा अंगठा वापरायचे. कँटीनमध्ये आम्ही रुमालात धरायचो तो चहाचा ग्लास ते नुसत्या हातात घेऊन बसायचे. मी एकदा आडून विचारलं. "साखर हाय न्हवं," ते म्हणाले. "दाक्तर म्हनला, शिरा सुन्न व्हत्यात. पन पायाच्या." पायाच्या, हे त्यांनी दोनदा सांगितलं आणि विषय बदलला.

मला झोप लागेना. सांगावं तर तात्यांची खिडकी जाणार, आणि त्या खिडकीशिवाय तात्या म्हणजे काय, हे मला कळत नव्हतं. न सांगावं तर एखाद्या दिवशी कुणाच्या तरी हातातून काहीतरी निसटणार. मी मधला मार्ग काढला. शिकल्यासवरल्या माणसांना मधला मार्ग काढायची भारी हौस असते. शिफ्ट सुटली की गेज तपासायच्या निमित्ताने मी स्टोअरमध्ये शिरायचे, सगळ्या मुठींवरून हात फिरवायचे आणि चिकट असतील त्या पुसून जागेवर ठेवायचे. सकाळी तात्या अंगठा फिरवून "बेस हाय" म्हणायचे, आणि ते खरंच असायचं. असे आठ महिने गेले. मला माझ्या हुशारीचं कौतुकसुद्धा वाटायला लागलं होतं.

आणि खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे मशीन बंद ठेवतात, सगळं धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालतात, आणि हत्यारं लाल कापडावर मांडून त्यांची पूजा करतात. हळदकुंकू लावायच्या आधी तात्या प्रत्येक हत्यारावर अंगठा ठेवायचे. ही त्यांची वर्षांनुवर्षांची रीत. त्यांच्या "बेस हाय"शिवाय भटजीसुद्धा पुढे सरकत नसत.

त्या वर्षी हत्यारं मांडायचं काम बालाजीने मागून घेतलं. बालाजी लातूरकडचा. त्याच्या गावी खंडेनवमीला विळे, कुऱ्हाडी, कुदळी धुऊन त्यांच्या लाकडी दांड्यांना तेल पाजतात. त्याने मनोभावे खोबरेलाची अख्खी बाटली आणली आणि चाळीसच्या चाळीस हत्यारांना, पात्यांपासून रबरी मुठींपर्यंत, मालिश करून तेल लावलं. मी दारात रांगोळी काढत होते. तो एक पाना नाचवत माझ्यासमोर आला.

"बघा ओ ताई, कसं चमकायलंय!"

"छान," मी म्हटलं. हात रांगोळीने भरले होते, म्हणून पान्याला हात लावला नाही.

थोड्या वेळाने तात्या हत्यारांसमोर बसले. उदबत्त्या लागल्या होत्या, धूप पेटला होता, पाचसात नारळ फुटले होते. हॉलभर खोबऱ्याचा वास. नाकाचा काही इलाज चालणार नव्हता. "बेस हाय. बेस हाय. बेस हाय." चाळीस वेळा. मला ते ऐकू येत होतं आणि मी मोराच्या पिसाऱ्यात निळा रंग भरत होते. मध्येच मनात आलं, आज आपण मुठी बघितल्या नाहीत. पण पिसारा अर्धाच राहिला होता. मी उठले नाही.

लाकूड तेल पितं. रबर तेल पिऊन फुगतं आणि सैल पडतं. दसरा आणि सुट्टी असे दोन दिवस हत्यारं तशीच पडून होती. तिसऱ्या दिवशी सकाळी बालाजीने बिल्ला दिला, तात्यांनी अंगठा फिरवून, पूजेत पास झालेला म्हणून न हुंगताच पाना दिला, आणि तासाभरात असेंब्लीतून ओरडा ऐकू आला. बोल्ट आवळताना बालाजीने सगळा जोर लावला, मूठ दांड्यावरच गर्रकन फिरली आणि त्याचा हात जाऊन लोखंडी कडेवर आदळला. बोटांची दोन पेरं फाटली. टाके घालून परत आला, तेव्हा बँडेज दाखवत म्हणाला, "सोनं लुटायला गेलो आन् रक्त देऊन आलो की ओ." हसायचा प्रयत्न करत होता, पण ओठ पांढरे पडले होते.

दुपारी मोठ्या साहेबांनी आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावलं. हत्यार पास कुणी केलं, असं त्यांनी विचारलं.

"तेल मीच लावलो साहेब," बालाजी घाईघाईने म्हणाला. "चूक माझीच हाय."

"मी बघितलं होतं सर," मी म्हटलं. "मी थांबवायला हवं होतं."

साहेब चांगले माणूस. तात्यांकडे बघून म्हणाले, "ठीक आहे, चूक झाली. पुढे काळजी घ्या." विषय तिथेच मिटला असता. मला तो मिटायला हवा होता.

"थांबा साहेब," तात्या म्हणाले. आणि माझ्याकडे वळले. "पोरी, दोन पाने आन. येक तेलाचा, येक कोरा. मला दावू नको. मागनं हातात दे."

मी आणले. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि दोन्ही हात पाठीमागे केले. एकेका पान्यावर अंगठा फिरवला, वरून खाली, खालून वर. नाकाकडे हात नेला नाही. "ह्यो तेलाचा," म्हणाले. तो कोरा होता. मी पाने पुन्हा त्यांच्या हातात दिले. दुसऱ्यांदाही चुकले. तिसऱ्यांदा बरोबर सांगितलं, पण विचारल्यासारखं.

मग वळले. "किती दिस ठावं हाय तुला?"

"आठ महिने," मी म्हटलं.

"मला नऊ," तात्या म्हणाले.

त्यांनी दोन्ही पाने टेबलावर ठेवले. "रोज सांजच्याला स्टोरात येऊन कोन मुठी पुसून जातंय, त्ये मला कळत न्हवतं व्हय? आंगठा सुन्न झालाय, डोळं न्हाई. म्या म्हनलं, चाललंय तर चालू दे. दीड वरीस तर ऱ्हायलंय." त्यांनी बालाजीच्या बँडेजकडे पाहिलं. "पावडर लावत व्हतो पोरी आपन. तू बी आन् मी बी."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतला होता.

"लाल स्टिकर असंल की तुज्या खिशात," ते म्हणाले आणि अंगठा पुढे केला. वर्षानुवर्षं थट्टेत पुढे करायचे, तसाच. मी मान हलवली. मला ते जमणार नव्हतं. मग त्यांनी स्वतःच माझ्या एप्रनच्या खिशातून स्टिकरची पट्टी ओढली, एक लाल स्टिकर काढलं आणि अंगठ्यावर नीट दाबून बसवलं. साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. बालाजी हमसून हमसून रडला. त्याला लाज वगैरे वाटली नाही, आणि मला त्याचा हेवा वाटला.

दिवसभर तात्या ते स्टिकर मिरवत खिडकीत बसले. कुणी विचारलं तर सांगत, "आंगठा बाद झाला. डोळं आन् त्वांड चालू हाय." संध्याकाळी स्टिकर काढलं आणि मागे राहिलेला गोंद स्पिरिट लावून साफ पुसला. चिकटपणा त्यांना खपत नसे, तो आपल्या अंगठ्यावर असला तरी.

साहेबांनी त्यांना खिडकीतून हलवलं नाही. बिल्ले, रजिस्टर त्यांच्याकडेच राहिलं. मुठी तपासायचं काम बालाजीला आणि मला दिलं. तात्यांनी आम्हाला शिकवलं. आमच्या डोळ्यांना रुमाल बांधून एकेक हत्यार हातात देत आणि विचारत, "पावना का घरचा?" चुकलं की डोक्यात टपली. बालाजी माझ्यापेक्षा लवकर शिकला. त्याच्या पेरांवर अजून टाक्यांचे व्रण आहेत आणि रबराला तेलाचा थेंब लागला, तर तो आता तेल लावणाऱ्याच्या सात पिढ्या काढतो.

निरोपाच्या दिवशी कामगारांनी वर्गणी काढून तात्यांना भेटवस्तू दिली. कुणाची अक्कल होती देव जाणे, पण डब्यातून निघाला तो एक भलामोठा टॉर्च. मुठीला काळं, मऊमऊ रबर. सगळा हॉल हसायला लागला. तात्यांनी सवयीने त्यावर अंगठा फिरवला, तो नाकाकडे निघालाही, आणि मध्येच थांबला. त्यांनी टॉर्च माझ्याकडे दिला.

"बग गं."

मी बघितला. "बेस हाय," मी म्हटलं.

"आज हाय," तात्या माईकमध्ये म्हणाले. "तीन पावसाळं जाऊ द्यात, मग सांगा." हे त्यांचं निरोपाचं अख्खं भाषण.

तीन पावसाळे गेले. परवा काकूंचा फोन आला. "ताई, त्या ब्याटरीला निस्त्या मुंग्या लागायच्या ऱ्हायल्यात. धरली की हात सोडवाया लागतो. ह्यांना कळत न्हाई, आन् मला पुसू बी देत न्हाईत. म्हन्त्यात, पोरगी यील."

रविवारी मी स्पिरिटची बाटली आणि बनियनच्या चिंध्या घेऊन गेले. तात्या थकलेत. पाय ओढत चालतात, सदऱ्याची बटणं काकू लावून देतात. अंगणात पोतं अंथरून मी बसले आणि टॉर्च सोलायला घेतला. काळं कातडं चिंधीवर येत गेलं. तात्या बाजेवर बसून हुकूम सोडत होते.

"गोल फिरव. रेटू नको. बटनापाशी सोडा लाव."

"लावते."

"थिनर न्हाई ना आनलं?"

"तात्या, मी काय बालाजी आहे का?"

तासाभराने खालचं टणक प्लॅस्टिक उघडं पडलं. कोरड्या फडक्याने पुसून मी टॉर्च त्यांच्या हातात दिला आणि वाट बघत राहिले. अंगठा आता काही सांगत नाही हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, तरी तो फिरणार याची मला खात्री होती. मागच्या जत्रेला मी नेलेल्या पेढ्यांच्या खोक्यावरसुद्धा तो फिरला होता.

तात्यांनी टॉर्च घेतला. भर दुपारी एकदा लावला, एकदा बंद केला, आणि सरळ उशाखाली ठेवला.

"अगं बया," काकू दारातून म्हणाल्या. "बगितला न्हाई?"

"तिनं दिलाय न्हवं," तात्या म्हणाले आणि बाजेवर आडवे झाले.

मी चिंध्या गोळा करायला लागले, कारण डोळे भरून आले होते आणि ते मला दिसू द्यायचे नव्हते. काकू कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"माजा हात बी तपासून घेतला व्हता ह्यांनी," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.